अनुदानाच्या अर्जातील पात्र खर्च : रबाळे येथील एका गाळ्याचा हिशेब

ऐरोलीत राहणाऱ्या एका भगिनींचा प्रश्न आहे. त्या गेली तीन वर्षे घरच्या स्वयंपाकघरातून थालीपीठाची भाजणी, मेतकूट, नाचणीसत्त्व आणि उपवासाची भाजणी तयार करून विकतात. आता रबाळे एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेऊन काम वाढवावे, असे त्यांनी ठरविले आहे. त्यासाठी पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत अर्ज करण्याकरिता त्यांनी २९ लाख रुपयांचे अंदाजपत्रक केले, त्यात १० लाख अनुदान, १४ लाख कर्ज आणि ५ लाख स्वहिस्सा दाखवला, आणि बँकेने ‘बहुतांश खर्च अपात्र’ एवढाच शेरा मारून कागद परत केले. काय चुकले आणि नव्याने आकडे कसे मांडावेत, असे त्या विचारतात.

ठाण्यात मी बरीच वर्षे प्रकल्प अहवाल तयार करण्याचे काम करतो. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक अर्जदार पहिला प्रश्न ‘अनुदान किती टक्के?’ असा विचारतो, आणि ते टक्के कोणत्या रकमेवर मोजायचे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. आपल्या अर्जातही हेच झाले आहे. या योजनेत वैयक्तिक उद्योगाला पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळते. आपण २९ लाखांचे ३५ टक्के काढले, ते १० लाख १५ हजार आले, मर्यादेमुळे १० लाख धरले आणि त्यावर बाकीची इमारत उभी केली. परंतु ‘पात्र’ हा शब्द त्या वाक्यात शोभेसाठी ठेवलेला नाही.

आपल्या अंदाजपत्रकातील बाबी अशा आहेत : यंत्रसामग्री जीएसटीसह ११ लाख ८० हजार, गाळ्याची अनामत ३ लाख, गाळ्यातील काम ३ लाख २० हजार, टेम्पो ४ लाख ५० हजार, कच्चा माल आणि मजुरीसाठी खेळते भांडवल ३ लाख ५० हजार, संकेतस्थळ व जाहिरात १ लाख, लॅपटॉप आणि मोबाइल ८० हजार, सल्लागाराचे शुल्क २० हजार आणि किरकोळ १ लाख. व्यवसाय उभा करायला हे सारे खर्च लागतात, याबद्दल माझा वाद नाही. अडचण एवढीच आहे की व्यवसायाला लागणारा खर्च आणि शासन ज्यात वाटा उचलते तो खर्च, या दोन वेगळ्या गोष्टी एकाच रकान्यात आल्या आहेत.

या योजनेत अनुदान मोजण्यासाठी यंत्रसामग्री आणि तांत्रिक बांधकाम (उत्पादनाला थेट लागणारे बांधकाम) हे दोनच घटक धरले जातात, आणि त्यातही तांत्रिक बांधकाम पात्र प्रकल्पखर्चाच्या ३० टक्क्यांपेक्षा अधिक असून चालत नाही. जमिनीची किंमत बाहेर राहते आणि खेळते भांडवलही बाहेर राहते. संकेतस्थळ आणि जाहिरातीच्या खर्चाबाबत आपला गैरसमज कोठून झाला, याचा मला अंदाज आहे. ब्रँडिंग व विपणनासाठी ५० टक्के साहाय्य याच योजनेत आहे खरे, पण ते शेतकरी उत्पादक कंपन्या, स्वयंसहायता गट, सहकारी संस्था अशा समूहांसाठी आहे. एकल मालकीच्या उद्योगाला ते लागू होत नाही. टेम्पो आणि लॅपटॉप यांनी भाजणी तयार होत नाही, म्हणून ते प्रक्रियेच्या यंत्रसामग्रीत बसत नाहीत. अनामत तर गाळेमालकाकडून परत मिळणारी रक्कम आहे, तिला खर्च म्हणणेच चूक आहे. राहता राहिले सल्लागाराचे २० हजार. मी स्वतः याच धंद्यातला असूनही सांगतो की ते वाचवावेत. अर्ज आणि प्रकल्प अहवाल तयार करण्यासाठी या योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात, त्यांचे मानधन योजनेतूनच दिले जाते आणि अर्जदाराने त्यांना काहीही द्यावयाचे नसते. त्यांची यादी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात मिळते.

आता यंत्रसामग्रीकडे वळू, कारण खरी रक्कम तेथे आहे आणि खऱ्या चुकाही तेथेच होतात. ११ लाख ८० हजारांपैकी यंत्रांची मूळ किंमत १० लाख आहे आणि दरपत्रकात दाखवलेला १८ टक्के कर १ लाख ८० हजार आहे. आपण जीएसटी नोंदणी घेतली असल्याने हा कर इनपुट टॅक्स क्रेडिटच्या रूपाने, म्हणजे पुढे विक्रीवर भरायच्या करातून, आपल्याला वजावटीस मिळणार आहे, आणि जो पैसा दुसऱ्या वाटेने परत मिळतो त्यावर अनुदान मागता येत नाही, हे जवळजवळ सर्वच योजनांमधले तत्त्व आहे. हाच नियम आयकराच्या बाजूनेही पाळावा लागतो, कारण कराच्या रकमेवर घसारा घेतला तर तेवढे क्रेडिट सोडून द्यावे लागते. मात्र हे क्रेडिट लगेच हाती येईल, असे समजू नये. पाकीटबंद पिठांवर विक्रीचा कर ५ टक्के आहे आणि यंत्रांवरचा १८ टक्के. अशा स्थितीत कच्च्या मालावरील साचलेल्या क्रेडिटचा परतावा मागता येतो, पण यंत्रांसारख्या भांडवली वस्तूंवरील क्रेडिटचा परतावा मिळत नाही, ते विक्रीच्या करातून हळूहळूच वळते करून घ्यावे लागते. म्हणजे करापोटी दिलेली रक्कम अनुदानासाठी अपात्र आणि रोकडीच्या दृष्टीने दीर्घकाळ अडकलेली, अशी दोन्हीकडून आपली असते. अंदाजपत्रकात तिला स्वतंत्र ओळ द्यावी, ती यंत्राच्या किमतीत मिसळू नये.

आपल्या पत्रात शेवटी एक वाक्य सहज लिहिल्यासारखे आले आहे. पल्व्हरायझर, म्हणजे दळण्याचे यंत्र, आपण गेल्या दिवाळीत, सवलत मिळाली म्हणून, करासह १ लाख ४१ हजार ६०० रुपयांना आधीच विकत घेतला, आणि तरीही तो यादीत ठेवला. तो काढावा लागेल. ही योजना कर्जाशी जोडलेली आहे, आणि मंजुरीपूर्वी स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्रासाठी बँक कर्ज देत नाही, मग त्यावरचे अनुदानही उरत नाही. माझ्या हातच्या एका प्रकरणात पॅकिंग यंत्राचे बिल मंजुरीपत्राच्या तारखेच्या नऊ दिवस आधीचे निघाले होते. पुरवठादाराने माल लवकर पोहोचवला, अर्जदाराला आनंद झाला, बिल मी वेळेत पाहिले नाही, आणि त्या यंत्रावरचे अनुदान गेले. तेव्हापासून मी पुरवठादाराला लेखी कळवतो की मंजुरीपत्राची प्रत हाती पडेपर्यंत बिल फाडू नये आणि आगाऊ रक्कमही मागू नये.

करविरहित १ लाख २० हजारांचा पल्व्हरायझर वगळल्यावर यंत्रसामग्रीची पात्र किंमत ८ लाख ८० हजार उरते. गाळ्यातील ३ लाख २० हजारांच्या कामापैकी धुता येणारी फरशी, भिंतींवरच्या टाइल्स, सांडपाण्याची नाली आणि थ्री-फेज जोडणीनंतरचे विद्युतकाम हे २ लाख ४० हजारांचे काम तांत्रिक बांधकामात मांडता येते, कारण अन्नपदार्थाच्या उत्पादनाला त्याची थेट गरज आहे. काचेचे पार्टिशन, खोटे छत आणि नामफलक हे ८० हजार त्यात बसत नाहीत. ठेकेदार जीएसटी नोंदणीकृत नाही, असे आपण लिहिले आहे. त्याचे बिल चालू शकते, पण त्यावर त्याचा पॅन, कामाचे मोजमाप आणि दर असावेत. ‘गाळ्याचे संपूर्ण काम, एकत्रित’ अशी एकच ओळ असलेले बिल तपासणी अधिकारी बाजूला ठेवतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

म्हणजे पात्र खर्च ११ लाख २० हजार झाला. त्यात तांत्रिक बांधकाम सुमारे साडेएकवीस टक्के आहे, तेव्हा ३० टक्क्यांच्या मर्यादेत आहे. अनुदान येते ३ लाख ९२ हजार. आपण धरलेल्या १० लाखांशी हा आकडा ताडून पाहिला की वाईट वाटणे स्वाभाविक आहे, पण हे आज वाटलेले बरे. गाळ्याचा करार करून, अनामत भरून झाल्यावर हे कळणारेही मी पाहिले आहेत.

दुसरी चूक अधिक खोल आहे. आपण अनुदान, कर्ज आणि स्वहिस्सा अशी तीन स्वतंत्र उगमस्थाने मांडून त्यांची बेरीज केली. पण हे अनुदान पहिल्या दिवशी पुरवठादाराला द्यायला उपलब्ध नसते. बँक पात्र खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत मुदत कर्ज देते, किमान १० टक्के आपण घालता, आणि अनुदानाची रक्कम नंतर येऊन कर्जाशी जोडलेल्या वेगळ्या खात्यात राहते. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षांनी, कर्जखाते नियमित असेल आणि उद्योग चालू असेल, तरच ती कर्जात वळती होते. आपल्या बाबतीत कर्ज १० लाख ८ हजार असेल आणि ३ लाख ९२ हजार त्याच्याच पोटात असतील, त्यामुळे ती रक्कम दुसऱ्यांदा मोजता येत नाही. त्या तीन वर्षांत अनुदानाइतक्या कर्जावर व्याजाची आकारणी कशी होईल, हे बँकेकडून मंजुरीपत्रातच लिहून घ्यावे.

या आधारावर रोकडीचा हिशेब करू. २९ लाखांतून टेम्पो आणि सल्लागाराचे शुल्क वगळले की २४ लाख ३० हजार राहतात. टेम्पो पहिले वर्षभर भाड्याने घ्यावा, आणि पुढे हवाच असेल तर त्याचे वेगळे वाहनकर्ज काढावे. पल्व्हरायझरचे पैसे देऊन झाले आहेत, म्हणून उरतात २२ लाख ८८ हजार ४००. त्यातून मुदत कर्ज वजा जाता १२ लाख ८० हजार ४००. खेळत्या भांडवलासाठी बँकेकडून कॅश क्रेडिट, म्हणजे गरजेप्रमाणे उचलायचे आणि भरायचे कर्ज, मागावे. २५ टक्के मार्जिन, म्हणजे आपला वाटा, धरल्यास २ लाख ६२ हजार ५०० रुपये त्यातून मिळतील. तरीही १० लाख १७ हजार ९०० रुपये आपल्याला स्वतः उभे करावे लागतात, आणि आपल्याजवळ ५ लाख आहेत. कागदावर ‘स्वहिस्सा किमान १० टक्के’ असे वाचून जो सुस्कारा सुटतो, तो याच ठिकाणी अडकतो. तो १० टक्के पात्र खर्चावरचा असतो. अपात्र खर्च मात्र सगळाच्या सगळा आपल्याला उभा करायचा असतो.

तूट ५ लाख १७ हजार ९०० रुपयांची आहे, आणि ती भरून निघण्यासारखी आहे. यंत्रांवरील १ लाख ५८ हजार ४०० रुपयांचा कर अनुदानाला अपात्र असला तरी कर्जाला अपात्र असतोच असे नाही. अनेक बँका करासह बिलावर कर्ज देतात, फक्त अनुदानाचे गणित करविरहित रकमेवर करतात. ९० टक्के धरल्यास त्यातून १ लाख ४२ हजार ५६० मिळतील. संकेतस्थळ, जाहिरात, लॅपटॉप आणि मोबाइल हे १ लाख ८० हजार आणि पार्टिशन वगैरेचे ८० हजार विक्री सुरू झाल्यावर करता येतील. एवढ्यानंतर १ लाख १५ हजार ३४० रुपयांचा प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो गाळेमालकाशी अनामतीवर बोलून सुटण्याजोगा आहे. अनामत कमी करण्याच्या बदल्यात थोडे अधिक भाडे कबूल करायला हरकत नाही, मात्र ते वाढीव भाडे नफ्याच्या अंदाजात दाखवावे. ‘किरकोळ १ लाख’ मी मुद्दाम तसेच ठेवले आहेत. अर्जात या नावाने काही लिहू नये, कारण तपशील नसलेले शीर्ष दिसले की वाचणाऱ्याचा इतर आकड्यांवरचाही विश्वास डळमळतो, पण स्वतःच्या वहीत ती रक्कम असलीच पाहिजे. गाळ्याचे काम ठरल्या आकड्यात पूर्ण झालेले मी तरी पाहिलेले नाही.

गाळ्याचा विषय निघालाच आहे, तर टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक क्षेत्रातली एक अडचण सांगतो. रबाळे, महापे, पावणे या भागांतील अनेक गाळे मूळ भूखंडधारकाने पोटभाड्याने दिलेले असतात, आणि त्यासाठी एमआयडीसीची परवानगी लागते. ती नसेल तर बँक, अन्नसुरक्षा परवाना आणि महावितरणची जोडणी या तिन्ही ठिकाणी प्रश्न उभा राहतो. करार करण्यापूर्वी परवानगीची प्रत मागावी, आणि तिचे शुल्क भाडेकरूवर टाकले जात असेल तर ते अपात्र रकान्यात लिहावे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, हे आपल्याला माहीत असेलच. पण अकरा महिन्यांचा करार येथे उपयोगाचा नाही. ज्या गाळ्यात आपण २ लाख ४० हजारांची फरशी आणि नाली करणार आहोत आणि जेथे उद्योग किमान तीन वर्षे चालू दाखवायचा आहे, तेथे कराराची मुदत निदान कर्जफेडीइतकी असावी, असा आग्रह बँकही धरते.

आपण असेही विचारले आहे की पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम अधिक फायद्याचा ठरला असता का. प्रश्न चांगला आहे, कारण टक्क्यांवरून निर्णय का घेऊ नये, हे त्यातून नेमके दिसते. तेथे महिलांना शहरी भागात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आहे, स्वहिस्सा ५ टक्के आहे, आणि उत्पादन उद्योगाची प्रकल्पमर्यादा ५० लाख आहे. जमिनीची किंमत तेथेही बाहेर असते, परंतु खेळते भांडवल प्रकल्पखर्चात धरले जाते. आपलीच यंत्रे, तांत्रिक काम आणि खेळते भांडवल मिळून १४ लाख ७० हजार होतात आणि त्यांचे २५ टक्के ३ लाख ६७ हजार ५०० येतात. म्हणजे ३५ टक्क्यांच्या आणि २५ टक्क्यांच्या योजनेत जेमतेम साडेचोवीस हजारांचा फरक, कारण दोन्हींचा पाया वेगळा आहे. हाच उद्योग मुरबाड किंवा शहापूर तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत असता, तर अनुदान ५ लाख १४ हजार ५०० झाले असते. पण त्या कार्यक्रमातले हे अनुदान केवळ नव्या उद्योगांसाठी आहे, आणि आपण तीन वर्षे उत्पादन व विक्री करीत आहात. चालू उद्योग नवा म्हणून दाखवण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी दिल्याचे पत्रावरून जाणवते. तो मानू नये. जीएसटीची विवरणपत्रे आणि उद्यम नोंदणीवरील (लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीवरील) तारीख लपत नाहीत, आणि दिलेले अनुदान वसूल करण्याची तरतूद असते.

आपल्या बंधूंचा महापे येथे सॉफ्टवेअरचा उपक्रम आहे आणि त्यांना हेच अंदाजपत्रक नमुना म्हणून वापरायचे आहे, असे आपण म्हणता. तसे करू नये. स्टार्टअप इंडिया सीड फंडसारख्या योजनेत नियम जवळजवळ उलटे आहेत. तेथे संकल्पना सिद्ध करणे, नमुना तयार करणे आणि उत्पादनाच्या चाचण्या यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळते, ते टप्प्याटप्प्याने दिले जाते, आणि त्या पैशातून कार्यालय वगैरे सुविधा उभारता येत नाहीत. त्यांच्या अंदाजपत्रकाचा कणा माणसांचे महिने, म्हणजे किती माणसे किती महिने काम करणार, हा असेल, आणि कोणता टप्पा पूर्ण झाल्यावर कोणता खर्च, याची सांगड घालावी लागेल.

पुन्हा अर्ज करताना प्रत्येक यंत्रासाठी तीन दरपत्रके घ्यावीत, आणि तिन्हींत क्षमता, मोटरची अश्वशक्ती आणि धातूचा दर्जा सारखाच असावा. एकात २०२ आणि दुसऱ्यात ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्टील असेल, तर ती तुलना नव्हे. दरपत्रकाची मुदत संपलेली नसावी, आणि निवडलेले दरपत्रक सर्वांत स्वस्त नसेल तर त्याचे कारण दोन ओळींत लिहावे. आपण जोडलेल्या तीनपैकी दोन दरपत्रकांवर एकच दूरध्वनी क्रमांक आहे, हे माझ्या लक्षात आले, तसे ते बँकेच्याही आले असणार. यंत्रांची बिले उद्योगाच्या नावाने, त्याच पत्त्याची आणि त्याच जीएसटी क्रमांकाची असावीत. आपल्या कागदपत्रांत एक दरपत्रक आपल्या यजमानांच्या नावाने आहे, ते बदलून घ्यावे. रक्कम बँकेतून थेट पुरवठादाराच्या खात्यात जावी.

प्रकल्प अहवालात शेजारी शेजारी तीन रकाने आखावेत : एकूण खर्च, त्यापैकी पात्र खर्च, आणि अपात्र खर्चाचा पैसा कोठून येणार. अपात्र खर्च दाखवला तर अर्ज फेटाळला जाईल, या भीतीने लोक तो लपवतात, किंवा अनामत ‘गाळ्याच्या कामात’ आणि टेम्पो ‘यंत्रसामग्रीत’ घुसवतात. अपात्र खर्च उघडपणे लिहून त्यासमोर मुदतठेवीची पावती जोडलेला अर्ज बँकेने केवळ त्या कारणाने परत केला, असे माझ्या अनुभवात एकदाही घडलेले नाही. आपल्या पाच लाखांपैकी किती ठेवीत आहेत आणि किती दुकानदारांकडून येणे आहे, हे पत्रात लिहिलेले नाही. येणे असलेली रक्कम स्वहिस्सा म्हणून धरू नये. ती वसूल होऊन खात्यात दिसू लागली की मगच अर्ज भरावा, मग त्यासाठी महिनाभर थांबावे लागले तरी चालेल.